क्रायस्लर इमारतीची घसरण: दोष आराखड्याचा, देखभालीचा की भाडेपट्ट्याचा?

आपण विचारले आहे की, न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीतील 90 टक्के हिस्सा 2008 मध्ये 80 कोटी डॉलरना विकला गेला आणि 2019 मध्ये ती संपूर्ण इमारत अवघ्या 15.1 कोटी डॉलरना गेली, तर मधल्या अकरा वर्षांत असे काय बिघडले? आराखडा कालबाह्य झाला, की देखभालीकडे दुर्लक्ष झाले? आणि अशा इमारतीचा शेवट पाडकामातच होतो का?

जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. क्रायस्लर इमारतीवर मी स्वतः काम केलेले नाही. पुढे जे लिहितो ते सार्वजनिक नोंदींवर आणि त्याच पिढीतील इतर इमारतींच्या अनुभवावर आधारलेले आहे, एवढे आधी सांगणे योग्य ठरेल. आपल्या प्रश्नात आराखडा आणि देखभाल या दोन शक्यता आहेत. माझ्या मते खरा प्रश्न त्यांच्या आधी येतो, आणि तो म्हणजे 2008 आणि 2019 मध्ये नेमके काय विकले गेले. इमारतीखालची जमीन 1902 पासून कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या मालकीची आहे. विकला गेला तो दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, म्हणजे त्या जमिनीवरची इमारत वापरण्याचा आणि तिचे गाळे भाड्याने देण्याचा हक्क, आणि त्याबदल्यात संस्थेला भुईभाडे, म्हणजे जमिनीचे भाडे, भरण्याची जबाबदारी. हे ध्यानात न घेता दोन किमतींची तुलना केली, तर इमारतीच्या विटांवर आणि पोलादावर नको तो ठपका येतो.

तरीही आराखड्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचेही काही देणे या घसरणीत आहे. विल्यम व्हॅन अ‍ॅलन या वास्तुविशारदाने मूळ आराखडा विल्यम रेनॉल्ड्स या विकासकासाठी केला होता. 1928 मध्ये वॉल्टर क्रायस्लर यांनी तो प्रकल्प आपल्याकडे घेतला आणि त्याचा खर्च आपल्या मोटार कंपनीवर न टाकता स्वतःच्या खिशातून केला. त्यामुळे नाव कंपनीचे वाटले, तरी इमारत कंपनीच्या मालकीची कधीच नव्हती. मनोऱ्याचा आकार बऱ्याच अंशी 1916 च्या नगररचना नियमांनी ठरवला. रस्त्यावर उजेड आणि हवा पोहोचावी म्हणून इमारतीने वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकावे, मात्र भूखंडाच्या एक चतुर्थांश क्षेत्रावर मनोरा कितीही उंच न्यावा, असा तो नियम होता. खालचे मजले ऐसपैस आणि वरचे मजले चिंचोळे, ही रचना त्यातून आली.

उंचीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. त्याच वेळी वॉल स्ट्रीटवर 40 क्रमांकाची इमारत उभी राहत होती आणि तिचा वास्तुविशारद क्रेग सेव्हरन्स हा व्हॅन अ‍ॅलनचा जुना भागीदार होता. व्हॅन अ‍ॅलनने 185 फुटांचा सुळका मनोऱ्याच्या पोटातच गुपचूप जुळवला आणि 23 ऑक्टोबर 1929 रोजी तो वर चढवून उंची 1,046 फुटांवर नेली. 27 मे 1930 रोजी इमारत खुली झाली आणि एम्पायर स्टेट इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे सुमारे 11 महिने, ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. व्हॅन अ‍ॅलनने मालकाशी पक्का लेखी करार केलेला नव्हता. मानधनासाठी त्याला दावा लावावा लागला, आणि त्यानंतर मंदीच्या काळात त्याच्याकडे मोठे काम असे पुन्हा आले नाही. 1931 मध्ये एका समारंभात तो स्वतःच्याच इमारतीचा वेश करून, डोक्यावर तिचा मुकुट घालून उभा राहिल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. वास्तुविशारदाने करार लेखी का करावा हे नवशिक्यांना सांगताना मला ते हमखास आठवते.

माझ्या कामाच्या दृष्टीने त्या मुकुटाचे महत्त्व वेगळे आहे. एकावर एक चढत जाणाऱ्या कमानी आणि त्यांतील त्रिकोणी खिडक्या यांवर जो पत्रा आहे तो निरोस्टा नावाचा, क्रुप कंपनीने विकसित केलेला गंजरोधक पोलादाचा प्रकार आहे. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने तो पुन्हा धरतो. त्या काळी या धातूचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर, तोही उघड्या हवेत, वापर झालेला नव्हता, म्हणून साहित्याची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची समिती 1960 पर्यंत ठरावीक काळाने त्या पत्र्याची पाहणी करत राहिली. तो इतका टिकला की पुढे ती पाहणी बंद करण्यात आली. पत्र्याची मोठी सफाई 1961 मध्ये आणि नंतर 1995 मध्ये झाली. उताराच्या पन्हळींवरून बाकीचे काम पाऊस करतो. छायाचित्रात सर्वांत नाजूक दिसणारा हा भागच इमारतीतील सर्वांत टिकाऊ भागांपैकी एक आहे. घसरण शोधायची असेल तर नजर खाली आणायला हवी.

खाली पोलादी सांगाड्याभोवती विटांचे बांधकाम आहे, आणि 1920 ते 1940 या काळातील मनोऱ्यांचे खरे दुखणे तिथे असते. त्या पिढीच्या भिंतींत पाणी अडवण्यासाठी आजच्यासारखी मोकळी पोकळी आणि निचऱ्याची वाट बहुधा नसते. जाड बांधकाम पाणी शोषेल आणि नंतर वाळेल, असा त्यामागचा हिशेब. सांध्यांतील मसाला झिजला की पाणी आत मुरते आणि प्रत्येक मजल्यावर विटांचा भार पेलणाऱ्या पोलादी कोनपट्टीपर्यंत पोहोचते. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे पट्टी फुगते आणि वरच्या विटा बाहेर ढकलल्या जातात. अशा इमारतीची पाहणी करताना मी आधी मजल्याच्या पातळीत धावणारी आडवी, केसासारखी भेग शोधतो आणि नंतर कोपऱ्याजवळची उभी भेग. भेगेच्या खाली तांबूस ओघळ असेल तर आतले पोलाद बोलू लागले असे समजावे. वेळेवर हात घातला तर काम सांधे भरण्यावर आणि काही विटा बदलण्यावर निभावते. दहा-पंधरा वर्षे ढकलले तर परांची बांधून कोनपट्ट्याच बदलाव्या लागतात, आणि उंच मनोऱ्यावर निव्वळ परांचीचा खर्चच डोळे पांढरे करतो. न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची आहे, त्यामुळे धोका नजरेआड राहण्याची शक्यता कमी. मात्र तपासणीची सक्ती मालकाच्या खिशात पैसा घालत नाही.

आता आतला भाग. 1930 मध्ये वातानुकूलन आणि फ्लुरोसंट दिवे कार्यालयांत रुळलेले नव्हते. खिडकीपासून फार लांबची जागा कुणी भाड्याने घेत नसे, म्हणून मजले अरुंद ठेवणे तेव्हा शहाणपणाचे होते. युद्धानंतर यंत्रांनी हवा आणि उजेड आत खोलवर नेले आणि मोठ्या कंपन्यांना एकाच मजल्यावर शेकडो माणसे बसवता येतील असे, मध्ये खांब नसलेले प्रशस्त मजले हवेसे झाले. क्रायस्लरमध्ये खांब दाट आहेत, 32 लिफ्टच्या विहिरी आणि जिने मधली जागा खातात आणि वर जावे तसा वापरण्याजोगा मजला आक्रसत जातो. मुकुटातील मजल्यांवर तर भाडे कमी आणि कौतुक जास्त असा मामला आहे. वातानुकूलन नंतर बसवल्यामुळे नळ, वायरी आणि हवेच्या नळ्या मूळ आराखड्यात नसलेल्या वाटांनी जातात. अशा इमारतीत एका मजल्यावरचा नळ बदलायचा तर वरच्या-खालच्या भाडेकरूंची मनधरणी करावी लागते, आणि म्हणूनच ते काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. गेल्या काही वर्षांत भाडेकरूंच्या ज्या तक्रारी छापून आल्या, म्हणजे रखडणाऱ्या लिफ्ट, पिण्याचे गढूळ पाणी, उंदीर-घुशींचा त्रास, मोबाइलला न मिळणारी रेंज, त्यांतील बहुतेक याच पडद्याआडच्या यंत्रणांशी संबंधित आहेत.

तळमजल्यावरच्या प्रवेशदालनाची गोष्ट वेगळी. लाल मोरोक्कन संगमरवराच्या भिंती, छतावरचे एडवर्ड ट्रम्बुल यांचे भित्तिचित्र आणि वेगवेगळ्या लाकडांचे पातळ थर जडवून नक्षी केलेली लिफ्टची दारे, हे सारे 1978 पासून कायद्याने संरक्षित आहे. अशा दाराचे पान नुसते घासत असले तरी बाजारातील तयार दार आणून बसवता येत नाही. जडावकाम जाणणारा कारागीर बोलवावा लागतो. संरक्षण योग्यच आहे, पण त्याची किंमत मालकाच्या वार्षिक खर्चात दिसते.

एवढ्याने इमारत उतरणीला लागते का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला आधार या इमारतीच्याच इतिहासात आहे. ती याआधीही घसरली होती. क्रायस्लर कुटुंबाने 1953 मध्ये ती विकली, त्यानंतर मालक बदलत गेले आणि शहराच्या आर्थिक संकटाच्या काळात, 1975 मध्ये, थकलेल्या कर्जापायी ती मॅसॅच्युसेट्स म्युच्युअल या विमा कंपनीच्या ताब्यात आली. टेक्साको ही मोठी भाडेकरू कंपनी 1977 मध्ये उपनगरात निघून गेली आणि 66 ते 68 या मजल्यांवरचा प्रसिद्ध क्लाउड क्लब 1979 मध्ये बंद पडला. तेव्हाही मजले अरुंदच होते. तरीही विमा कंपनीने सुमारे 2.3 कोटी डॉलर खर्चून दुरुस्ती केली, नंतरच्या मालकाच्या काळात, 1981 मध्ये, मुकुटातील त्रिकोणी खिडक्यांभोवतीचे दिवे लागले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस टिशमन स्पायर कंपनीने ती घेऊन पुन्हा एकदा तिचा कायापालट केला. म्हणजे आराखड्याच्या मर्यादा सांभाळूनही ही इमारत चालते, फक्त पैसे लावणाऱ्याला ते परत मिळण्याची खात्री असावी लागते.

आता भाडेपट्ट्याकडे येतो. भुईभाडे बराच काळ वर्षाला 77.5 लाख डॉलर होते. करारात आधीच ठरल्याप्रमाणे ते 2018 च्या सुमारास 3.25 कोटी डॉलरवर गेले आणि 2028 मध्ये ते 4.1 कोटी होणार असे ठरले होते. इमारतीत भाड्याने देण्याजोगी जागा ढोबळमानाने 12 लाख चौरस फूट आहे. म्हणजे आधी प्रत्येक चौरस फुटामागे वर्षाला साडेसहा डॉलर जमिनीपोटी जात होते, ते एकदम 27 डॉलर झाले. आणि हे सर्व गाळे भरलेले असतील तर. तीन चतुर्थांशच जागा भाड्याने गेली असेल, तर भरलेल्या प्रत्येक चौरस फुटावर तोच बोजा 36 डॉलरपर्यंत जातो. यात वीज, लिफ्टची देखभाल, सफाई, पहारा, विमा आणि कर्जाचे व्याज काहीच धरलेले नाही.

हाच आकडा विक्रीच्या किमतीत कसा उतरतो ते पाहा. भुईभाडे वर्षाला सुमारे 2.5 कोटी डॉलरनी वाढले म्हणजे मालकाचे निव्वळ उत्पन्न तेवढ्यानेच घटले. गुंतवणूकदार 5 टक्के परतावा मागतो असे मी गृहीत धरले, तर या एका कलमाने भाडेपट्ट्याची किंमत जवळपास 50 कोटी डॉलरनी खाली येते. 6 टक्के धरले तर सुमारे 41 कोटींनी. 2008 च्या व्यवहारावरून संपूर्ण भाडेपट्ट्याची किंमत 89 कोटींच्या आसपास निघते, म्हणजे 2019 पर्यंतची एकूण घट 74 कोटींची. तिच्यातील अर्ध्याहून अधिक भाग निव्वळ कागदावरच्या एका आकड्याने समजावता येतो. उरलेल्या भागात 2008 मधील चढा बाजारभाव, जुन्या यंत्रणांचा पुढे ढकललेला खर्च आणि आजूबाजूला आलेल्या नव्या इमारतींची स्पर्धा येते. परताव्याचा दर माझे गृहीतक आहे आणि तो बदलला की आकडे बदलतील, परंतु कोणताही व्यवहार्य दर घेतला तरी भुईभाड्याचा वाटा लहान ठरत नाही.

कूपर युनियनला खलनायक ठरवणेही बरोबर नाही. त्या संस्थेचा विद्यार्थ्यांना शुल्क न घेता शिकवण्याचा जुना परिपाठ पैशांअभावी 2014 मध्ये मोडला आणि तो पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नांत याच जमिनीचे उत्पन्न मोठा आधार आहे. शिवाय इमारतीवरील मालमत्ता कराइतकी रक्कमही जुन्या कायद्यान्वये पालिकेऐवजी या संस्थेला मिळते. अडचण अशी की जमिनीचा मालक आणि इमारतीचा चालक यांचे हित एका दिशेने ओढत नाही. भाडे ठरावीक तारखेला वाढते. इमारत तेवढे कमावते की नाही याच्याशी त्या तारखेचा संबंध नसतो. अशा वेळी चालकाच्या हाती कमी करता येईल असा एकच मोठा खर्च उरतो आणि तो म्हणजे दुरुस्ती. लिफ्टची नियंत्रणयंत्रणा या वर्षी न बदलता पुढच्या वर्षी बदलू, नळ आणखी दोन वर्षे निघतील, असे निर्णय कुणीही निष्काळजीपणाने घेत नाही. ते खाते-वहीतून आपोआप निघतात. अशा बैठकांना मी बसलेलो आहे.

त्याच शहरातील एम्पायर स्टेट इमारतीशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. पिढी तीच, पोलादी सांगाडा तसाच, नगररचनेचा नियम तोच. तिथेही जमीन आणि इमारतीचा ताबा वेगवेगळ्या हातांत होता आणि त्यावरून वर्षानुवर्षे कज्जे चालले. पण तिथले भुईभाडे वर्षाला 20 लाख डॉलरच्या आतच होते आणि 2002 मध्ये भाडेपट्टाधारक गटाने 5.75 कोटी डॉलरना जमिनीची मालकीही विकत घेतली. त्यानंतरच्या मोठ्या नूतनीकरणात 6,514 खिडक्या इमारतीतल्याच एका मजल्यावर पुन्हा घडवल्या गेल्या आणि ऊर्जेचा वापर 38 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. वरच्या प्रेक्षासज्जांतून येणारे भरघोस उत्पन्नही त्या इमारतीच्या कामी आले, हे मान्य केले पाहिजे. क्रायस्लरच्या 71 व्या मजल्यावरचा प्रेक्षासज्जा 1945 मध्येच बंद झाला, आणि 2020 मध्ये 61 व्या मजल्यावर नवा सज्जा करण्यास वारसा आयोगाची मंजुरी मिळाली असली तरी भाडेपट्टाच अस्थिर झाल्याने त्या मंजुरीचा उपयोग होऊ शकला नाही.

त्या अस्थिरतेचा शेवटचा टप्पा असा. 2019 चे खरेदीदार म्हणजे ऑस्ट्रियाचा सिग्ना समूह आणि न्यूयॉर्कची आरएफआर कंपनी. लगेच महासाथ आली, कार्यालये ओस पडली. 2023 च्या अखेरीस सिग्नाने दिवाळखोरीचा मार्ग धरला. भुईभाडे थकले आणि सप्टेंबर 2024 मध्ये कूपर युनियनने भाडेपट्टा संपुष्टात आणल्याची नोटीस दिली. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी 2025 मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला, त्यामुळे संस्थेला नवा चालक शोधावा लागला.

आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. न्यूयॉर्कची सिंगर इमारत 1908 मध्ये जगातील सर्वांत उंच होती आणि 1968 पर्यंत ती पाडून झाली, कारण तिच्या मनोऱ्याचे चिमुकले मजले कार्यालयांना नकोसे झाले होते आणि तिला कायदेशीर संरक्षण नव्हते. क्रायस्लरला ते आहे, त्यामुळे पाडकामाची शक्यता मी जवळजवळ शून्य मानतो. घरांत रूपांतर करण्याचा मार्ग वुलवर्थ इमारतीच्या वरच्या भागात वापरला गेला आणि अरुंद मजले घरांना उलट सोयीचे असतात, कारण प्रत्येक खोलीला खिडकी मिळते. पण जिथे जमीन दुसऱ्याची आणि भुईभाडे चढते, तिथे लाखो डॉलर मोजून घर घेणारे ग्राहक मिळवणे कठीण जाते. हॉटेल किंवा कार्यालये आणि हॉटेल यांचे मिश्रण मला अधिक शक्य वाटते. त्यातच शहराच्या 2019 च्या कायद्याने मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर 2024 पासून मर्यादा आली आहे आणि 2030 पासून ती आणखी कडक होईल, मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला 268 डॉलर दंड आहे; म्हणजे जुनी यंत्रणा तशीच ठेवणेही फुकट पडत नाही.

आपल्याला या इमारतीचे पुढे काय होते ते पाहायचे असेल, तर मुकुटाची छायाचित्रे पाहण्यापेक्षा नव्या भाडेपट्ट्याच्या अटी पाहाव्यात. पहिली काही वर्षे भुईभाडे कमी ठेवून त्याबदल्यात यंत्रणांच्या नूतनीकरणाची ठरावीक रक्कम बंधनकारक केली आहे का, भाडे पुढे तारखेप्रमाणे वाढते की इमारतीच्या उत्पन्नाप्रमाणे, आणि दुरुस्तीचा निधी वेगळ्या खात्यात अडकवून ठेवण्याची अट आहे का, या तीन गोष्टींची उत्तरे होकारार्थी आणि उत्पन्नाशी जोडलेली असतील, तर साधारण दहा वर्षांत लिफ्ट आणि नळ नवे झालेले दिसतील. नुसताच मोठा आकडा मोठ्या अक्षरांत जाहीर झाला, तर पुढच्या भाडेवाढीच्या तारखेच्या आसपास आजच्यासारखाच प्रश्न पुन्हा विचारला जाईल, असा माझा अंदाज आहे.